गायक नसलेला बँड

आवाज बसला तेव्हा कोणालाच काही वाटलं नाही. गाइडचा आवाज बसतोच. मी वीसेक वर्षं अजिंठ्याच्या लेण्यांमध्ये गाइड होतो. सकाळी शहरातून, गारखेड्यातल्या घरून निघायचं, फर्दापूरला उतरायचं, तिथून बसनं वर लेण्यांपाशी, आणि मग दिवसभर बोलायचं. मराठीत, हिंदीत, कामचलाऊ इंग्रजीत. घरी आलो की मी मुका. माझी बायको मनीषा म्हणायची, "सगळं बोलणं पर्यटकांना, घरी नुसते हुंकार."

तर आवाज बसला. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. सीझन चालू होता, म्हणून मी तसाच खरखरत्या आवाजात बोलत राहिलो. एक दिवस घास गिळताना कानापर्यंत कळ गेली. मग डॉक्टर, मग नाकातून घातलेला कॅमेरा, मग घशातला एक तुकडा तपासायला, आणि मग ती दुपार.

डॉक्टर बाई होत्या, माझ्याहून लहान. रिपोर्ट बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "तंबाखू? गुटखा? बिडी?"

"नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

त्यांनी मनीषाकडं पाहिलं. मनीषा म्हणाली, "नाय खात हो मॅडम. सुपारीसुद्धा नाय." मग डॉक्टरांनी स्वरयंत्राचा कॅन्सर आहे म्हणून सांगितलं. ऑपरेशन करून स्वरयंत्र काढण्याऐवजी आधी रेडिएशन आणि केमो देऊन पाहू, म्हणजे आवाज वाचण्याची शक्यता राहील, असंही सांगितलं. मी मान डोलावली. पर्यटक जशी माझ्यासमोर डोलावतात तशीच, काही न कळता.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मनीषानं माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "खरं सांगा, बाहेर काही खात होतात का?"

त्या दिवसाचं मला हे वाक्य आठवतं. आजाराचं नाव कसं उच्चारलं गेलं ते आठवत नाही.

रुग्णालयातल्या समुपदेशक बाईंनी मला हे लिहायला सांगितलं. "इतर पेशंटना धीर येईल असं लिहा," म्हणाल्या. मी प्रयत्न केला, जमत नाही. जे झालं ते लिहितो. धीर ज्यानं त्यानं आपापला शोधावा.

*

रेडिएशनच्या आधी मुखवटा बनवतात. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यातून काढतात आणि ओली, मऊ असतानाच चेहऱ्यावर, मानेवर दाबून बसवतात. थंड झाली की ती तुमच्या चेहऱ्याची होते. मग रोज त्या मुखवट्यासकट तुम्हाला टेबलाला अडकवून टाकतात, मान तसूभरही हलू नये म्हणून. तोंड उघडता येत नाही. ओरडायचं ठरवलं तरी हुंकारच निघेल. सगळे खोलीबाहेर जातात, जाड दार लागतं, आणि यंत्र घरघरत डोक्याभोवती फिरतं.

पहिल्या दिवशी मला वाटलं, आता गुदमरून मरणार. टेक्निशियन म्हणाला, "कुछ नक्को सोचो, बस आँखां बंद करके पड़े रहो." तो वाईट माणूस नव्हता. पण काहीही न सोचता पडून राहणं आजवर कोणाला जमलेलं मी पाहिलं नाही.

सोमवार ते शुक्रवार रेडिएशन. आठवड्यातून एक दिवस केमो. केमोच्या दिवशी सकाळपासून डे-केअरमधल्या खुर्चीवर बसायचं. आधी सलाईन, मग औषध, मग परत सलाईन. लघवी मोजायची. तोंडात पितळ चाटल्यासारखी चव. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घसा आतून सोलल्यासारखा झाला. थुंकी गिळायची तर आधी मनाची तयारी करावी लागे. नाकातून नळी घातली. मनीषा डाळ-तांदूळ शिजवून, वाटून, गाळून त्या नळीतून देई. आवाज पूर्ण बंद झाला. डॉक्टरांनीच सांगितलं, बोलू नका. मी मोबाईलवर टाईप करून दाखवायला लागलो.

मला बोलता येईना, तेव्हा बाकी सगळ्यांना वाचा फुटली.

मनीषाचा भाऊ संजय चितेगावच्या एका कंपनीत प्रेसशॉपला, पत्रे दाबायच्या यंत्रांवर आहे. गालात गुटख्याचा तोबरा धरून तो माझ्या पलंगाजवळ खुर्ची ओढून बसायचा आणि सांगायचा, "दाजी, पॉझिटिव्ह राहायचं. अर्धा रोग मनात असतो." मग पिंक टाकायला बाहेर जाऊन यायचा आणि पुढचा अर्धा सांगायचा. कोणी गोमूत्राचं सांगितलं, कोणी पपईच्या पानांचा रस आणून दिला. मनीषाच्या शाळेतल्या एक बाई म्हणाल्या, "तुम्ही फार राग गिळत असाल, म्हणून घशातच झालं." विहारातले आमचे एक काका आले. डोळे मिटून म्हणाले, "दुःख आहे. दुःखाला कारण आहे." त्यांचा काहीच दोष नाही. हेच वाक्य मी वीस वर्षं लेण्यांमध्ये उभं राहून परक्या माणसांना सांगत आलो होतो, वर एक छान विराम घेऊन. पलंगावर पडून ऐकायला ते कसं लागतं, हे तेव्हा कळलं.

टीव्हीवरची गाणीही बंद करून टाकली मी. प्रत्येक गाण्यात कोणीतरी काहीतरी समजावत होतं. भीमगीतं मी लहानपणापासून ऐकत आलोय, अंगावर काटा यायचा. तीही नको झाली. त्यात लढ म्हणतात. मला लढायचं नव्हतं. मला पाणी प्यायचं होतं.

*

डे-केअरमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक बाई असायच्या. सविता. चाळिशीच्या आतबाहेर, एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायच्या. त्यांना गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होता, पण औषध आमचं दोघांचं एकच, दिवसही एकच. त्या कोणाशी बोलायच्या नाहीत. सोबत आलेल्या बहिणीला खाली कँटीनमध्ये पाठवून द्यायच्या, कानात वायरचे इअरफोन घालायच्या आणि डोळे मिटून बसायच्या. फक्त उजव्या पायाचा अंगठा हलत असायचा. तोही विचित्र हलायचा. ठेक्यात असल्यासारखा, पण ठेका सापडायचा नाही.

एकदा संजय मला सोडायला आला होता. जाताना त्यांच्याकडं बघून म्हणाला, "ताई, तुम्ही पण पॉझिटिव्ह राहा बरं का."

सविताबाईंनी एक इअरफोन काढला. "तुमच्या तोंडात काय आहे?"

"कुठं काय?"

"गुटखा आहे. तो थुंका, आणि मग आम्हाला शिकवा."

संजय गेला. मी हसलो. हसल्यावर घशात आग झाली, डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि तो इअरफोन न पुसताच माझ्यापुढं धरला. "घ्या. बोलू तर शकत नाही तुम्ही. ऐका मग."

मी कानात घातला आणि लगेच काढला. संजयच्या प्रेसशॉपमध्ये मी एकदा गेलो होतो, तसा आवाज. लोखंडावर लोखंड. मी मोबाईलवर टाईप केलं, "हे काय आहे?"

"मेटल आहे. प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात. परदेशातले चौघं आहेत."

मी टाईप केलं, "गाणारा कधी येणार?"

"येणारच नाही. गाणारा नाहीच या बँडात." त्या पहिल्यांदाच नीट वळून बोलल्या. "म्हणून तर ऐकते मी. गाणारा आला की सांगायला लागतो. हिंमत ठेव, प्रेम कर, वर बसलेला बघतोय. हे चौघं काय सांगत नाहीत. आपलं वाजवतात."

बँडचं नाव मी इथं लिहीत नाही. एक-दोघांना सांगितलं होतं. ऐकून आले आणि म्हणाले, डोकं दुखलं.

*

सुरुवातीला माझंही दुखलं. एकेक गाणं दहा-दहा, बारा-बारा मिनिटांचं. धृपद नाही, कडवं नाही. एक गिटार इतकी खाली जायची की ती कानाला न लागता बरगड्यांना लागायची. मधेच सगळं थांबायचं आणि कोणीतरी एकटाच, थंड पाण्याचे थेंब पडावेत तसं वाजवायचा. जरा बरं वाटतंय म्हणेपर्यंत परत भिंत कोसळायची. आणि पाय कुठं ठेवायचा ते कळायचं नाही. चार धरावे तर गाणं पुढं निघून जायचं, पाच धरावे तर मागं राहायचं.

पण त्यात माझ्याकडून कोणाला काही नको होतं. त्या दिवसांत हीच मोठी गोष्ट होती. मी ऐकत राहिलो. लेण्यात लोक उन्हातून आत येतात आणि म्हणतात, इथं तर काहीच दिसत नाही. मी त्यांना सांगायचो, थांबा, डोळ्यांना सवय होऊ द्या. तसा मी थांबलो. पुढच्या केमोला सविताबाईंना टाईप करून दाखवलं, "मोजता येत नाही."

"तुम्ही गिटारच्या मागं पळायलात," त्या म्हणाल्या. "तिच्या मागं पळाल तर पडाल. झांज धरा. ड्रमवाला उजव्या हातानं झांज वाजवतोय बघा, ती सरळ चालते. एक-दोन-तीन-चार. गिटार लंगडत जाते, तिचा हिशोब वेगळा. पण फिरून फिरून ती एका ठिकाणी झांजेला येऊन भेटते. तेवढं सापडलं की झालं."

त्यांनी माझ्या खुर्चीच्या हातावर बोटानं चार मारायला सुरुवात केली. मी झांज धरली. चर्र, चर्र, चर्र, चर्र. खाली गिटार अडखळत, लचकत, भलतीकडंच चाललेली. मी सोडली नाही. आणि मग कुठंतरी फिरून ती आली, झांजेवर आदळली, दोघींचा एकच ठोका पडला. माझ्या तोंडातून आवाज निघाला. नळी घातलेल्या, सोललेल्या घशातून. सिस्टर धावत आली, म्हणाली, "काय झालं, दुखायलंय का?"

मला आजही नक्की सांगता येत नाही काय झालं. एवढं खरं की त्यानंतर मी मुखवट्याखाली मनात झांज धरून पडून राहायला लागलो. तिथं इअरफोन चालत नाहीत. पण एक गाणं मला मनात वाजवता येऊ लागलं होतं. यंत्र फिरायला लागलं की मी पहिली झांज मारायचो. गिटार परत येऊन भेटायच्या आत बहुतेकदा दार उघडायचं.

घरी मी दिवसभर तेच ऐकायचो. मुलगी पुण्यात शिकते, तिनं ऑनलाइन मोठे हेडफोन मागवून दिले. आजारी बापाला काहीतरी पाठवल्याचं तिला समाधान मिळालं, मला दोन कान झाकायला मिळाले.

*

मनीषाचं इथं लिहायला हवं. ती शाळेत शिकवते. माझ्यासाठी बिनपगारी रजा काढून घरी बसली होती. माझी नळी, माझी औषधं, ओकारीची बादली, येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चहा, सगळं तिच्याकडं. ती आत आली की मी डोळे मिटलेले आणि कानांवर हेडफोन. ती खांद्याला हात लावायची, मी डोळे उघडायचो, ती नळीतून अन्न सोडायची, मी डोळे मिटायचो.

एकदा केमोच्या दिवशी ती लवकर आली आणि तिनं पाहिलं. एकाच वायरीचं एक टोक माझ्या कानात, एक सविताबाईंच्या. दोघांचे डोळे मिटलेले. घरी आल्यावर म्हणाली, "मला पण ऐकू द्या."

मी हेडफोन दिले. तिनं थोडा वेळ ऐकलं, पलंगाच्या कडेला बसून, हात मांडीवर ठेवून. मग काढून माझ्या उशीवर ठेवले.

"मिक्सर लावल्यावाणी आहे," ती म्हणाली. "हे चालतं तुम्हाला. माझा आवाज चालत नाही."

मी टाईप केलं, "तसं नाही."

"नका दाखवू तो मोबाईल. नवरा-बायकोत आता मोबाईलच बोलायलाय." ती उठली. दारात थांबून म्हणाली, "त्या बाईला काय, तिला तुमची नळी धुवायची नसते."

लोक म्हणतात आजारपणात नवरा-बायको जवळ येतात. आम्ही आलो नाही. तिनं मला जगवलं आणि आम्ही लांब गेलो. दोन्ही एकाच वेळी.

*

शेवटचे दोन डोस राहिले होते. डे-केअरमध्ये आम्ही ऐकत होतो. नेहमीचं गाणं, माझं मुखवट्यातलं. पण ड्रमवाल्यानं झांज वाजवणं बंद केलं होतं. खालचे ठोके होते, गिटार होती, वरचं काही नाही. आणि मागं कुठंतरी बारीक शिट्टी वाजत होती, रातकिड्यासारखी. मला वाटलं ही दुसरी कुठली तरी आवृत्ती असेल.

टाईप केलं, "झांज का काढली यातून?"

सविताबाईंनी वाचलं. परत वाचलं. "काढली नाही," त्या म्हणाल्या. "चालूय की."

मी मान हलवली. त्यांनी त्यांच्या कानातला इअरफोन मला दिला, माझा घेतला. तेच. मग त्यांनी दोन्ही माझ्या कानांत घातले आणि आवाज वाढवला. गिटार मोठी झाली. झांज आली नाही. त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी परत मान हलवली. त्यांनी दोन्ही इअरफोन काढून स्वतःच्या कानांत घातले, डोळे मिटले, नीट ऐकलं. त्यांचे खांदे खाली आले. त्यांना येत होती ऐकू. तेच औषध त्यांच्याही हातात चाललं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली आणि ती मला दिसली हेही त्यांना कळलं.

"आजच्या आज डॉक्टरांना सांगा," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी कानाची तपासणी करून घेतली. वरच्या पट्टीचे आवाज गेले होते. औषधाचा परिणाम. "सुरुवातीला सांगितलं होतं आपण," त्या म्हणाल्या. सांगितलं होतं, मी खोटं बोलणार नाही. ज्या दिवशी सगळंच सांगितलं होतं त्या दिवशी सांगितलं होतं. "गेलेलं परत येईलच असं नाही. पुढचे डोस थांबवून दुसरं औषध देता येईल. पण तुमच्या केसमध्ये हे औषध जास्त खात्रीचं आहे. हेच दिलं तर कान आणखी जाऊ शकतात. विचार करून सांगा."

घरी आल्यावर मी मनीषाला टाईप करून दाखवलं, "हे औषध नको. थांबवू."

तिनं वाचलं. "कशासाठी? गाण्यासाठी?"

"कान माझे आहेत."

"व्हय, कान तुमचे. घसा तुमचा. मरण पण तुमचंच." तिचा आवाज चढला नव्हता. वर्गात पाठ सांगावा तसं ती बोलत होती. "मग यात माझं काय आहे ते तरी सांगा. बादली?"

ती स्वयंपाकघरात गेली आणि मिक्सर लावला. माझं अन्न वाटत होती.

मी डोस घेतले. दोन्ही. तिच्यासाठी घेतले असं लिहिलं तर छान वाटेल, पण मी भ्यालो होतो म्हणून घेतले. मरायची भीती बहिरं व्हायच्या भीतीपेक्षा मोठी निघाली. त्यात मोठेपणाचं काही नाही.

*

काही महिन्यांनी स्कॅन आला. स्वच्छ. संजयनं पेढे वाटले, म्हणाला, "बघा दाजी, पॉझिटिव्ह राहिलात म्हणून." मी पॉझिटिव्ह राहिलो नव्हतो. मी चिडलेला राहिलो होतो, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. गाठ तरीही गेली. ज्यांना आता सुरुवात करायची आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवा. हसलं नाही म्हणून औषध लागू पडायचं थांबत नाही.

आवाज आला, पण माझा नाही. पत्रा घासल्यासारखा. सीझनला मी परत लेण्यांवर गेलो. पहिल्याच ग्रुपमध्ये मागून कोणीतरी म्हणालं, "भैया, ज़रा ज़ोर से." मी जोर लावला. तिसऱ्या लेण्यापर्यंत आवाज संपला आणि लोक आपापले फोटो काढायला लागले. ज्या ट्रॅव्हल एजन्सीकडून मला ग्रुप मिळायचे त्यांनी माणुसकी दाखवली, शहरातल्या ऑफिसात बुकिंगच्या टेबलावर बसवलं. फोन घ्यायचे. मला आता स, श, फ नीट ऐकू येत नाहीत. साळुंके आणि काळुंके मला सारखेच. लोक फोनवर चिडतात. त्यांना वाटतं माणूस बिनडोक आहे.

कानाचं मशीन घेतलं. घरी येऊन सगळ्यात आधी बँड लावला. झांज आली खरी, पण चॉकलेटच्या कागदासारखी, चुरचुरत. मी मशीन काढून ठेवलं. आता मी ते कामावरच घालतो.

पण बँड सोडला नाही. झांज नाही म्हणून मला पायाखालचा ठोका धरायला शिकावं लागलं, ड्रमवाला पायानं मारतो तो. तो सरळ चालत नाही. तो गिटारबरोबरच लंगडतो. त्यामुळं आता मला कळत नाही दोघं कोणाला येऊन भेटतात. भेटल्याचा धक्का तेवढा लागतो.

हे मला सविताबाईंना सांगायचं होतं. उपचार संपल्यापासून त्यांनी फोन उचलला नव्हता. एकदा उचलला. गारखेड्यातल्या एका रसवंतीवर भेटायचं ठरलं.

त्या स्कूटीवरून आल्या. अंग भरलं होतं, चेहऱ्यावर रंग होता. त्यांचाही रिपोर्ट चांगला आला होता. माझा आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला.

"असा आहे होय आवाज तुमचा?"

"हा नवीन आहे," मी म्हणालो.

त्या हसल्या. रसाचे ग्लास आले. मी लगेच बँडवर आलो. त्यांनी मला थांबवलं. "मी नाही ऐकत आता."

"का?"

"मळमळतं." त्या ग्लासकडं बघत बोलत होत्या. "ऑफिसात एकदा लावलं, नकाशा काढताना. नेहमी लावायचे. पहिली गिटार आली आणि तोंडात ती पितळेची चव. सलाईनचा वास. धावत बेसिनपाशी गेले. वाटलं एखादवेळी झालं असेल. परत लावलं, परत तेच. आता नाव वाचलं तरी पोटात ढवळतं."

मी माझा ग्लास बाजूला सरकवला.

"पॉलिटेक्निकला होते तेव्हापासून ऐकत होते हो मी," त्या म्हणाल्या. "लग्न मोडलं तेव्हा हेच. आई गेली तेव्हा हेच. तेवढं एकच माझं स्वतःचं होतं. आणि मीच ते उचलून त्या खुर्चीवर घेऊन गेले. कान जातील, केस जातील, सगळं सांगतात डॉक्टर. हे कोणी सांगितलं नाही."

म्हणून मी सांगतो. या सगळ्या लिखाणात सल्ला म्हणावा असा हा एकच आहे. केमोला जाताना तुमचं सगळ्यात आवडतं काही सोबत नेऊ नका. गाणं असो, खाणं असो, अत्तर असो. दुसऱ्याचं न्या, नावडतं न्या. आवडतं घरी ठेवा.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "ते लांब गाणं आहे बघा, मधे सगळं थांबतं आणि एकटी गिटार राहते. ते सांगा ना. ऐकायचं नाहीये मला. तुम्ही सांगा. गाइड आहात ना?"

मी सांगायला लागलो. माझ्या त्या पत्र्याच्या आवाजात, रसवंतीच्या चरकाच्या आवाजावर जोर लावून. पहिली भिंत कशी येते, दुसऱ्यांदा येताना ती कशी एक पाऊल लवकर येते, मग सगळे कसे बाजूला होतात. एकट्या गिटारपाशी आलो. ती किती वेळ एकटी असते ते सांगितलं. "आणि मग मागून," मी म्हणालो, आणि थांबलो. तिथं झांज येते हे मला माहीत होतं. ती कशी येते हे मी विसरलो होतो.

"मागून झांज येते," सविताबाई म्हणाल्या. "मारत नाही तो. नुसती घासतो. आधी कळतच नाही आली म्हणून." त्यांचं बोट टेबलावर गोल फिरायला लागलं होतं. मग ते थांबलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला. चेहरा पांढरा पडला होता.

"बास," त्या म्हणाल्या. उठून बाहेर गेल्या, रस्त्याकडं तोंड करून थोडा वेळ उभ्या राहिल्या. परत आल्या त्या पर्स घ्यायलाच.

"गाइडसाहेब, राग मानू नका. परत फोन करू नका मला. तुम्ही माणूस चांगले आहात. पण तुम्ही दिसलात की मला ती खुर्ची दिसते."

"हो," मी म्हणालो.

"बँड तुम्हीच ठेवा आता," त्या म्हणाल्या आणि गेल्या. त्यांचा ग्लास तसाच भरलेला राहिला.

मी त्यांचा नंबर काढून टाकला. काढताना राग आला होता. त्यांचा नाही. कोणाचा ते ठरवता आलं असतं तर बरं झालं असतं.

घरी येऊन हेडफोन घातले आणि तेच गाणं लावलं. एकट्या गिटारपाशी आल्यावर डोळे मिटून वाट पाहिली. त्यांनी सांगितलं होतं तसं बोट मांडीवर गोल फिरवलं. काही आलं नाही. शिट्टी होती, माझ्याच कानातली.

डोळे उघडले तर मनीषा दारात उभी. तिचे ओठ हलले होते, एवढं दिसलं. मी हेडफोन काढले.

"काय म्हणालीस?"

"काय नाय," ती म्हणाली.

पूर्वी ती परत सांगायची.